मतपत्रिकेभोवतीचे कुंपण

निवडणूक आली की आपल्या सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतून एक सुस्कारा हमखास ऐकू येतो. मतदानयंत्रावर वीस-पंचवीस नावे; त्यांतील निम्म्यांची चिन्हे पूर्वी कधी पाहिलेली नाहीत; पक्षांची नावे अशी की वाचताना दम लागावा. मग चहाच्या पेल्याबरोबर सिद्धान्त मांडला जातो : ‘अमेरिकेसारखे दोनच पक्ष असते, तर देश कोठल्या कोठे गेला असता!’ मुलगा किंवा पुतण्या न्यू जर्सीत असेल, तर त्याची साक्षही काढली जाते. हा सुस्कारा आपल्या विचाराच्या घरांतही ऐकू येऊ लागला आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

या सिद्धान्तामागे एक गृहीतक दडलेले आहे. अमेरिकन मतदार इतका परिपक्व, की त्याने आपण होऊन बाकीचे पक्ष नाकारले आणि दोनच शिल्लक ठेवले! वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. अमेरिकेत मतदाराने नाकारण्यापूर्वीच तिसऱ्या पक्षाला दाराबाहेर थोपविले जाते. हे काम मतपेटी करीत नाही, कायदा करतो. आणि तो कायदा त्या दोन पक्षांनीच, राज्याराज्यांच्या विधिमंडळांत बसून, परस्परांच्या सोयीने लिहिलेला आहे.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ अमेरिकेत सरकारी मतपत्रिका नव्हतीच. प्रत्येक पक्ष आपली मतपत्रिका आपणच छापी आणि मतदार ती नेऊन पेटीत टाकी. त्या पद्धतीत दडपशाही आणि लाचलुचपत भरपूर होती, यात शंका नाही. पण नव्या पक्षाला कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागत नव्हते. १८५४ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने १८६० मध्ये, म्हणजे अवघ्या सहा वर्षांत, अब्राहम लिंकन यांना अध्यक्षपदी बसविले ते याच काळात. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर गुप्त, सरकारी मतपत्रिका स्वीकारली आणि पाहता पाहता ती देशभर पसरली. सुधारणा चांगलीच होती. परंतु मतपत्रिका सरकार छापणार म्हटल्यावर तिच्यावर कोणाचे नाव असावे, हेही सरकारच ठरविणार. आणि सरकार म्हणजे सत्तेवर असलेले दोन पक्ष! सुधारणेच्या वस्त्राआडून मक्तेदारी कशी आत शिरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. आजचे नियम तेव्हा असते, तर १८५४ चा तो नवा पक्ष किती राज्यांच्या मतपत्रिकांवर पोहोचला असता, हा प्रश्न लिंकन यांचे पुतळे उभारणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

हे नियम म्हणजे काय, ते ओहायो राज्याच्या एका प्रकरणावरून कळते. १९६८ साली तेथे नव्या पक्षाला अध्यक्षीय मतपत्रिकेवर येण्यासाठी मागील गव्हर्नर निवडणुकीतील मतांच्या १५ टक्के, म्हणजे ४,३३,१०० मतदारांच्या सह्या आणाव्या लागत. त्याही नोव्हेंबरमधील मतदानासाठी फेब्रुवारीच्या प्रारंभी! जॉर्ज वॉलेस यांच्या पक्षाने तेवढ्या सह्या जमविल्या. पण मुदत टळून गेली होती. हे वॉलेस गृहस्थ वर्णविद्वेषाचे उघड पुरस्कर्ते होते, त्यांच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांचा नाहीच. ज्या लाखो नागरिकांना मतपत्रिकेवर आणखी एक नाव हवे होते, त्यांचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला आणि वॉलेस यांचे नाव छापले गेले. त्यांना देशभरात साडेतेरा टक्के मते मिळाली. पुढे तिसऱ्या पक्षांचा मार्ग मोकळा झाला असेल, असे कोणाला वाटेल. अवघ्या तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच न्यायालयाने जॉर्जिया राज्याची ५ टक्के सह्यांची अट वैध ठरविली.

जॉर्जियाची ही कथा मुळातून समजून घेण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधिगृहाच्या एका जागेसाठी तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने नोंदणीकृत मतदारांपैकी ५ टक्क्यांच्या सह्या आणायच्या. म्हणजे मतदारसंघागणिक साधारण वीस ते सव्वीस हजार, आणि तेही १८० दिवसांत. हा कायदा १९४३ चा. तेव्हापासून पुढील जवळजवळ ऐंशी वर्षांत एकाही तिसऱ्या पक्षाचा एकही उमेदवार या मार्गाने त्या गृहाच्या मतपत्रिकेवर पोहोचू शकला नाही. एकही नाही! २०२१ मध्ये कनिष्ठ संघीय न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरविली; २०२२ च्या जानेवारीत वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. ज्या दारातून ऐंशी वर्षांत कोणी आत आले नाही, ते दार उघडेच आहे, असा याचा अर्थ. ओक्लाहोमात तर २००४, २००८ आणि २०१२ अशा लागोपाठ तीन अध्यक्षीय निवडणुकांत मतदारासमोर केवळ दोन नावे होती. मतपत्रिकेवर आपल्या हाताने तिसरे नाव लिहिण्याची जी मुभा इतर अनेक राज्ये देतात, तीही तेथे नाही. आपल्याकडे निदान ‘नोटा’चे बटण तरी आहे.

कुंपण ओलांडण्याचे धाडस करणाऱ्याचे काय होते, हे राल्फ नेडर यांना विचारावे. ग्राहक चळवळीचे हे ज्येष्ठ कार्यकर्ते. त्यांचे डावे विचार आपल्याला मुळीच मान्य होणार नाहीत. पण माणूस तत्त्वनिष्ठ. २००० साली फ्लोरिडात त्यांना ९७ हजारांवर मते पडली आणि तेथे जॉर्ज बुश यांचा विजय झाला अवघ्या ५३७ मतांनी. डेमोक्रॅट पक्षाने हे मनात ठेवले. २००४ मध्ये नेडर पुन्हा उभे राहताच राज्याराज्यांत त्यांच्याविरुद्ध दाव्यांची रांग लागली. पेनसिल्व्हेनियात २५,६९७ सह्यांची आवश्यकता होती. नेडर यांनी ५१ हजारांवर सह्या दिल्या. एकेका सहीवर वकिलांची फौज तुटून पडली. त्यांत काही ‘मिकी माउस’छाप नावे निघाली हे खरे, परंतु पत्ता बदललेला, नोंदणीत तफावत, अशा तांत्रिक कारणांवरून बाद झालेल्या सह्याच अधिक होत्या. न्यायालयाने १८,८१८ सह्या वैध धरल्या, नाव वगळले आणि वर दाव्याचा खर्च म्हणून नेडर व त्यांच्या सहउमेदवारावर ८१,१०२ डॉलरचा भुर्दंड लादला. निवडणूक लढवू पाहिल्याबद्दल! चार वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच राज्याच्या महाधिवक्त्याने डेमोक्रॅट पक्षाशी संबंधित बारा जणांवर आरोप ठेवले. नेडर यांच्या सह्या खोडून काढण्याचे काम विधिमंडळातील पगारी कर्मचाऱ्यांकडून, करदात्यांच्या पैशांतून करवून घेतले गेले, असा ठपका तेथील ज्यूरीने ठेवला होता.

या पापात रिपब्लिकन पक्ष मागे आहे असे नव्हे. टेक्सासमध्ये २०२२ साली लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार यादीतून काढून टाकावेत, म्हणून रिपब्लिकन मंडळींनीच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. विलंबाच्या कारणाने ती फसली, एवढेच. ज्याला ज्याच्यामुळे मते फुटण्याची भीती, तो त्याला वगळू पाहतो. इतर सर्व प्रश्नांवर हमरीतुमरीवर येणाऱ्या या दोन पक्षांचे ज्या एका गोष्टीवर मनापासून एकमत आहे, ती गोष्ट म्हणजे तिसरा नको.

आणि हा जुना इतिहासही नव्हे. न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये राज्यव्यापी अपक्ष उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्या १५ हजारांवरून एकदम ४५ हजारांवर नेल्या. त्या गोळा करायच्या सहा आठवड्यांत. पक्षाची मान्यता टिकविण्याचा उंबरठाही ५० हजार मतांवरून १ लाख ३० हजार मते किंवा २ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेथवर चढविला. परिणाम तत्काळ दिसला. २०२२ च्या गव्हर्नर निवडणुकीत, जगाची राजधानी म्हणून मिरविणाऱ्या त्या राज्याच्या मतपत्रिकेवर दोनच उमेदवार उरले. २०२४ मध्ये नेवाडा राज्यात ग्रीन पक्षाचे जे झाले, ते तर विनोदी कादंबरीत शोभावे. पक्षाने आवश्यक त्याहून कितीतरी अधिक सह्या आणल्या होत्या. परंतु त्या ज्या नमुन्यावर घेतल्या, तो नमुना चुकीचा होता. आणि तो चुकीचा नमुना त्यांना पाठविला होता राज्याच्या निवडणूक कार्यालयातीलच कर्मचाऱ्याने! डेमोक्रॅट पक्षाने दावा लावला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाव वगळले आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. चूक सरकारी कचेरीची, शिक्षा पक्षाला. त्याच वर्षी रॉबर्ट केनेडी (कनिष्ठ) यांना न्यूयॉर्कमध्ये पत्त्याच्या वादावरून मतपत्रिकेवर येऊ दिले गेले नाही; पुढे त्यांनी माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला, तेव्हा मिशिगनमध्ये मात्र त्यांचे नाव मतपत्रिकेवरून काढण्यास नकार मिळाला. यायचे तेव्हा येऊ द्यायचे नाही, जायचे तेव्हा जाऊ द्यायचे नाही!

या खेळात पंच कोण? भारतात घटनेच्या ३२४ व्या अनुच्छेदाने एक स्वतंत्र निवडणूक आयोग निर्माण केला; काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लोकसभेसाठी उमेदवारीचा नियम एक. अमेरिकेत पन्नास राज्यांचे पन्नास कायदे, आणि बहुतेक ठिकाणी निवडणुकीचा मुख्य अधिकारी स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला. २००० साली फ्लोरिडातील निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस या त्याच राज्यातील बुश यांच्या प्रचारसमितीच्या सह-अध्यक्ष होत्या. आपल्याकडे असे घडले असते, तर न्यूयॉर्क आणि लंडनमधील वृत्तपत्रांनी किती अग्रलेख लिहिले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

हे सांगण्याचे प्रयोजन आहे. वॉशिंग्टनमधील ‘फ्रीडम हाऊस’ या संस्थेने २०२१ साली भारताला ‘अंशतः स्वतंत्र’ देशांच्या पंक्तीत बसविले. आपल्याकडील पुरोगामी मंडळींनी ते प्रमाणपत्र डोक्यावर घेऊन नाचविले. त्याच संस्थेने गेल्या दशकात अमेरिकेचेही गुण घटविले आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण ऐंशी वर्षे तिसरा पक्ष मतपत्रिकेवर येऊ न देणारे जॉर्जिया ज्या देशात आहे, तो देश अजूनही ‘स्वतंत्र’ या रकान्यातच असतो. मोजपट्टी ज्याच्या हातात, त्याची उंची नेहमीच पुरेशी भरते!

आता आपले घर. येथे लोकसभेची निवडणूक लढविण्यास २५ हजार रुपये अनामत आणि विधानसभेसाठी १० हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक लागतो, इतरांना दहा. दहा! जॉर्जियातील वीस हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. याचा अर्थ आपल्याकडे लहान पक्षांना काचणारे काही नाही, असा मात्र नाही. एकाला एक आणि दुसऱ्याला दहा, हा भेद आहेच. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह राखीव. नव्या पक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून जे मिळेल ते घेऊन मतदारांच्या दारी जावे लागते. आकाशवाणी-दूरदर्शनवरील वेळ, मतदारयाद्यांच्या विनामूल्य प्रती, या सवलतीही मान्यताप्राप्तांनाच. तरीही या साऱ्याने नव्या पक्षाची चाल मंदावते, दार बंद होत नाही.

दार फारच उघडे आहे, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. १९९६ साली आपल्या बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाभागातील मराठी माणसाने आपला आवाज दिल्लीला ऐकू जावा म्हणून योजलेला तो उपाय होता. आंध्रातील नलगोंडा येथे ४८० उमेदवार होते. त्या वर्षी लोकसभेचे एकूण उमेदवार १३,९५२ झाले. अनामत तोवर केवळ ५०० रुपये होती. ती १० हजार करण्यात आली आणि १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. येथवर ठीक. परंतु लांबलचक यादी म्हणजे निव्वळ उपद्रव, असे समजणाऱ्यांनी निजामाबादचे उदाहरण पाहावे. २०१९ मध्ये तेथे १८५ उमेदवारांपैकी १७८ शेतकरी होते. हळदीला भाव आणि हळद मंडळ, ही त्यांची मागणी. आयोगाने कुरकुर न करता जादा यंत्रे जोडून मतदान घेतले. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची कन्या तेथे पराभूत झाली आणि भाजपाचा उमेदवार निवडून आला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले, ते निजामाबादेतच. ज्यांची अनामत जप्त झाली, त्यांची मागणी मात्र जप्त झाली नाही. पेनसिल्व्हेनियात या शेतकऱ्यांचे काय झाले असते, ते वाचकांनीच ताडावे.

लबाडांचा बंदोबस्त हा वेगळा विषय आहे. करसवलतीसाठी काढलेले, देणग्यांचे पैसे फिरविणारे कागदी पक्ष आपल्याकडे उदंड झाले आहेत. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष यादीतून वगळले. सलग सहा वर्षे एकही निवडणूक न लढविणे, ही त्यामागील मुख्य कसोटी. ही कारवाई स्वागतार्हच आहे, कारण तिचा निकष वर्तन हा आहे, आकार नव्हे. जो लढलाच नाही तो वगळला. जो लढून हरला तो नव्हे. हा भेद पुसला जाता कामा नये.

तो पुसण्याचे प्रस्ताव मात्र मांडले गेले आहेत, आणि तेही प्रतिष्ठित व्यासपीठांवरून. विधी आयोगाच्या १९९९ च्या १७० व्या अहवालात अशी शिफारस होती की, एकूण वैध मतांच्या ५ टक्के मते न मिळविणाऱ्या पक्षाला लोकसभेत जागाच मिळू नये. शिवाय अपक्षांना उभे राहण्यासच मनाई असावी. अपक्षांवरील बंदीची शिफारस २०१५ च्या २५५ व्या अहवालानेही पुन्हा केली. स्थिरता, सुटसुटीतपणा, अशी तिची कारणे आहेत. न्यूयॉर्कच्या विधिमंडळानेही वेगळे काय म्हटले असते?

आपल्या विचाराच्या घरांतून असा प्रस्ताव उचलून धरला जातो, तेव्हा आश्चर्य वाटते. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी दिल्लीत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय जनसंघाची स्थापना झाली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतील पहिले मत हिमाचलातील चिनी येथे पडले २५ ऑक्टोबर रोजी. म्हणजे चार दिवसांचे अंतर! ओहायोचा १९६८ चा कायदा येथे लागू असता, तर जनसंघाला मुदत संपून कित्येक महिने लोटल्याचे उत्तर मिळाले असते. येथे तसे घडले नाही. फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललेल्या त्या निवडणुकीत जनसंघाने ‘दीपक’ हे चिन्ह घेऊन ९४ उमेदवार उभे केले. तीन निवडून आले. स्वतः डॉ. मुखर्जी दक्षिण-पूर्व कलकत्त्यातून, दुर्गाचरण बॅनर्जी मिदनापूरमधून आणि उमाशंकर त्रिवेदी चित्तोडमधून. मते पडली ३.०६ टक्के. त्या वेळी राष्ट्रीय पक्षाच्या मान्यतेचा उंबरठा ३ टक्क्यांचा होता. तो जनसंघाने केसाच्या अंतराने ओलांडला.

आता त्या तीन जागांना विधी आयोगाची ५ टक्क्यांची फूटपट्टी लावून पाहावी. तिन्ही रद्द. काश्मीरच्या प्रश्नावर लोकसभेत पंडित नेहरूंना सतत जाब विचारणारा तो आवाज सभागृहात उमटलाच नसता. परवाना पद्धतीला आव्हान देत काश्मीरमध्ये शिरलेले आणि २३ जून १९५३ रोजी श्रीनगरच्या स्थानबद्धतेत मृत्यू पावलेले डॉ. मुखर्जी हे लोकसभेचे सदस्य नसते, शिफारशीच्या भाषेत बोलायचे तर ‘अपात्र पक्षा’चे एक नेते असते. पुढच्या निवडणुकीपर्यंत पक्ष टिकला असता की नाही, कोण सांगणार? १९८४ मध्ये हनमकोंडा आणि मेहसाणा या दोनच जागा मिळाल्या, तेव्हा भाजपाची खिल्ली उडविणारे कमी नव्हते. लहान म्हणून ज्यांना हिणवले गेले, तेच आज इतरांच्या लहानपणाला ‘खिचडी’ म्हणू लागले, तर त्याला काय म्हणावे?

विधी आयोगाच्या या दोन्ही शिफारशींचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. ते होऊ नये, हे संसदेतील आपल्या प्रतिनिधींना कार्यकर्त्यांनी सांगितले पाहिजे. त्याऐवजी करण्यासारखे काम आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-क या कलमात पक्षाची नोंदणी आहे. पण नोंदणी रद्द करण्याचा स्पष्ट अधिकार आयोगाला दिलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. तो अधिकार द्यावा आणि त्याचे निकष कायद्यातच लिहून ठेवावेत : हिशेब न देणे, निवडणूक न लढविणे, पत्त्यावर कार्यालय नसणे. मते कमी पडणे हा निकष त्या यादीत नसावा. आणि दहा सूचकांची अट काढायची नसेल, तर ती मान्यताप्राप्त पक्षांनाही लावावी. त्यांना दहा माणसे मिळण्यास अडचण येऊ नये.